शेवटचा थांबा नसलेली ट्राम

व्हिएन्नात मी बायकोला एकाच ट्राममधून शहराभोवती तीन फेऱ्या घडवल्या. इथे बहारीनमध्ये, सित्राच्या कंपनी बसमध्ये आज कुणाच्या तरी भिजलेल्या स्वेटरचा वास आला आणि ती दुपार आठवली. बायकोला राजवाड्यातली राणीची भांडी बघायची होती, म्हणून ट्राम धरली. दार पाचला बंद व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच आमचं बहारीनचं विमान होतं. पण वीस वर्षं कंपनीच्या बसने फिरलेला मी. ड्रायव्हर ‘यल्ला, खलास’, म्हणजे चला, संपलं, असं म्हणेपर्यंत जागचं हलायचं नाही, एवढंच मला ठाऊक. बाहेर पाऊस होता, काचेवर पिवळे दिवे विरघळत होते, हिरवे घुमट धुक्यातून तरंगत यायचे आणि मागे जायचे. “हा घोडेस्वार मघाशीही होता,” ती म्हणाली. “इथे घोडेस्वार पुष्कळ,” मी ऐटीत सांगितलं. तिसऱ्यांदा तोच पुतळा आला तेव्हा समोरच्या आजीबाईंनी हवेत बोट फिरवून दाखवलं, की ही ट्राम नुसती गोल फिरते. धावत राजवाडा गाठला, तर रखवालदार कुलूप लावत होता. मला मात्र ते भिजलेलं, तरंगतं शहर अजून स्वप्नात दिसतं. आज घरी येऊन तसं म्हणालो, तर भाजी चिरणारी बायको मानही वर न करता म्हणाली, “मग पुढच्या खेपेला तुम्ही स्वप्नातच जा. तिकीट मी एकटीचंच काढते.”