वळलेला आकडा

भिसेगावच्या गजाच्या घरात भूत आहे, ही बातमी पिकली शेजारच्या गोदूबाईच्या ओट्यावर. रोज दिवेलागणीला तो एकटाच बोलतो, आणि बोलतो काय, तर आकडे! भूत गणितात नापास झालेलं असणार, असं गल्लीचं मत.

गजा कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस. त्याच्या लेकीनं, समिधानं, एमएस्सीला असताना भट्टीत भाजून मँगनीजची काळी गोळी केली होती.

"बाबा, हिच्यात बारीक बारीक चुंबकं आहेत. एरवी कशेळ्याच्या बाजारासारखी, जो तो भलतीकडे तोंड करून. वीज जाईल कुठून? गार करत गेलं की आधी आणखी अडते. मग एकदम सगळी एका दिशेला वळतात आणि ही धातूसारखी मोकळी होते."

तिच्या सरांनी मोजमापाची वही बाजूला सारली. "अडथळ्याचा चढता आकडा मध्येच उतरलाच कसा? वायर सैल असणार."

वायर गजानं स्वतः घट्ट बांधली होती. तरी तो म्हणाला, "असंल साहेब."

समिधानं बापाकडे नुसतं पाहिलं. त्याच वर्षी काविळीनं ती गेली. ते पाहणं मात्र घरातून गेलं नाही.

म्हणून रोज मासेवालीकडचा उरलेला बर्फ आणून तो गोळी गार करी. मीटरचा आकडा चढे, चढतच राही. वायर खरंच सैल होती की काय? समोर समिधाची खुर्ची; मान वर करून तिकडे पाहायची त्याला भीती वाटे.

एका संध्याकाळी समिधाच्या वहीच्या पानाला बोट लागलं. पांढरं, खरखरीत. त्यानं जिभेला लावलं. मीठ! पॉटच्या आइस्क्रीमसारखं बर्फात मीठ घालायचं होतं. ब्लडप्रेशरपायी त्याच्या घरात मिठाचा खडा नव्हता.

"गोदूबाय, वाटीभर मीठ दे गं!"

"दिवा लागला रं गजा. आता मीठ देत नाय कुनी."

"पोरीसाठी हाय."

गोदूबाईचा हात थबकला. मग ती बरणीच काखोटीला मारून निघाली. "देत नाय मी. माझ्या हातानं टाकते. चल!"

खडे करकरले. बर्फ शून्याखाली उतरला. आकडा चढला, अडखळला आणि उतरू लागला. एकशे ऐंशी. एकशे दहा. साठ.

गोदूबाई कुजबुजली, "भूत?"

"नाय. वायर घट्ट हाय."

एवढं बोलून गजानं समिधाच्या रिकाम्या खुर्चीकडे मान वर करून पाहिलं.