पाळण्याचे जोड

अहो, ऐका तर. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे सगळी माझीच फजिती आहे.

लेकीच्या बारशासाठी आम्ही आर्णीच्या वेल्डिंगवाल्या रफिकभाऊंकडून लोखंडी पाइपाचा पाळणा करून आणला. म्हणजे खाली-वर वेल्डिंग केलेला स्टँड, आणि त्याला साडीची झोळी मी टांगली. सगळे म्हणाले, मस्त झाला. मला मात्र जिकडंतिकडं ते वेल्डिंगचे जोडच दिसत. वरून गुळगुळीत, पण आतून कच्चा असला तर? माझी सोनी पडली तर?

यांना विचारलं. म्हणे, जोड कापून पाहिला की समजते. घ्या! मग लेकीला काय कापलेल्या पाळण्यात झोपवू?

रफिकभाऊंना फोन लावला. ते म्हणाले, न तोडता तपासता येते. आधी नीट पाहा. मग जोडाला रॉकेल लावून पुसून घ्या, वरून खडूची पूड टाका. भेग असली तर पुडीवर ओली रेघ उठते. मोठ्या कारखान्यात तर पाइपाचा एक्स-रे काढतात.

"भाऊ, आपल्या आर्णीच्या दवाखान्यात काढून देतीन काय?"

भाऊंनी हसतहसत फोनच ठेवून दिला.

शेवटी रॉकेलच लावलं. रेघ नाही. तरी जीव थाऱ्यावर येईना. सासूबाई म्हणाल्या, बारशाला आधी वरवंटा झोपवतोच ना, तेच तपासणं. पण वरवंटा पाय झाडतो का? पडला तर रडतो का? मी ठरवलं, भरपूर वजन टाकून पाहायचं. आणि घरात भरपूर वजन कोणाचं, ते विचारू नका.

बारशाच्या दिवशी बाया यायच्या आधी गुपचूप झोळीत बसले. झोका घेतला. पाइप हूं नाही की चूं नाही. इतकं बरं वाटलं, की आणखी जोरात घेतला! तेवढ्यात टोपडी-कुंच्या घेऊन बाया दारात, आणि मी धाडकन जमिनीवर.

"लागलं काय वं?" सासूबाई धावल्या.

"जोड तुटला! मी म्हणतच होती!"

जेवायला बोलावलेले रफिकभाऊ पुढे आले. एकेक जोड हात फिरवून पाहिला. सगळे शाबूत. मग झोळीचं सुटलेलं टोक उचलून माझ्यापुढे धरलं.

"वहिनी, हे गाठ कोनं मारली?"

सासूबाईंनी माझ्याकडं बोट केलं.

"मंग सांगा," रफिकभाऊ म्हणाले, "हिलेबी वेल्डिंग मारून देऊ काय?"