पूर्णामायला वाहिलेला इंदूरचा महाराज

अकोल्याच्या जठारपेठेत खुशालरावांचं बैलांच्या घुंगरांचं दुकान होतं. धातू ते आवाजावरून ओळखत. बायकोचा राग मात्र कधीच नाही. संस्थानं गेली, राजे तनख्यावर बसले, पण त्यांची नाणी खुशालरावांच्या पानाच्या जुन्या चंचीत अजून राज्य करत होती. बडोदा, ग्वाल्हेर, हैदराबाद. इंदूरच्या एका नाण्याला तर ते 'महाराज'च म्हणत, कारण त्यावर साल उलटं छापलेलं होतं.

मेहुणे उत्तमराव म्हणत, "तांब्याचा ढब्बू!"

"कांस्य हाये, कांस्य!" खुशालराव ते फरशीवर टणकन वाजवून दाखवत.

सहासष्ट साली अमरावतीचे एक नाणेतज्ज्ञ प्राध्यापक अकोटला सासुरवाडीस आले. "त्याइच्या तोंडून 'दुर्मिळ' निघू दे, मंग उत्तमरावाले पायतो," म्हणत खुशालराव मैनाबाईंसह एस.टी.त बसले. माझंही अकोटला काम होतं; मी मागच्याच बाकावर. खिसेकापूंच्या भीतीने चंची त्यांनी बायकोच्या ओटीत दिली आणि मान वळवून मला कांस्य समजावू लागले.

पूर्णेचा पूल आला. मैनाबाईंनी कनवटीची नवी चिल्लर पाहिली. "हे आल्युमिनम मायले काय वाहाव? पान्यावरच तरंगते." त्यांनी चंचीतलं सगळ्यात चकचकीत नाणं काढलं, कपाळाला लावलं, खिडकीतून सोडलं.

"काय टाकलं व?"

"तांब्याचं होतं एक. तुमी लय खोकलता, तुमच्याच नावानं टाकलं."

"अवं, ते कांस्य होतं!"

"मंग तं अजूनच चांगलं."

खुशालराव ओरडले, "कंडक्टर, गाडी थांबवा! महाराज नदीत पडले!"

अर्धी गाडी खिडक्यांना लटकली. "कोनते महाराज?"

"इंदूरचे!"

अकोटला प्राध्यापकांनी सगळं ऐकून घेतलं. "पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. तसं असेलच, तर दुर्मिळ म्हणावं लागेल." खुशालरावांनी मागचंपुढचं सोडलं आणि तेवढा एक शब्द अकोल्यात आणला. नाणं चंचीत असताना ज्यांनी पाहिलंही नव्हतं, ते आता त्याची चौकशी करू लागले.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा त्याच पुलावर. खाली गुडघाभर पाण्यात उत्तमराव, हातात दोरीला बांधलेलं लोहचुंबक.

"उत्तमराव, कांस्याले चुंबक लागत नाई!" खुशालराव खिडकीतून ओरडले.

"तांबं असन तं?"

"त्यालेई नाई!"

मैनाबाईंनी तळवा पुढे केला. "ऊन लागन दादाले. त्याच्या नावानं द्या एक."

खुशालरावांनी स्वतः चंची सोडली आणि ग्वाल्हेरचं काढून दिलं. त्यालाही दुर्मिळ व्हायचं होतं.