मर्लची उशीची खोळ

क्लॅरी गेला त्याला हिवाळा सरून उन्हाळा आला, तरी त्याच्या बायकोच्या, मर्लच्या डोळ्यांतून टिपूस गळलं नाही. दफनाच्या दिवशी तिने स्वतः सगळ्यांना चहा दिला. गाव म्हणालं, खंबीर बाई आहे. गावाला काय कळतंय! मी तिची शेजारीण. ती रडू आवरत नव्हती, तिला रडू येतच नव्हतं. "नोलीन, दाढ काढण्याआधी सुई मारतात ना, तसं सगळं अंग झालंय," असं ती मला एकदाच म्हणाली होती.

मर्ल पाहुण्यांना डोंगरातल्या वाटा आणि प्राणी दाखवते. त्या दिवशी ॲडलेडचं एक जोडपं होतं आणि डबे सांभाळायला मी. ऊन मी म्हणत होतं, माश्या नाकाडोळ्यांत शिरत होत्या. घळीतल्या कातळावर पट्टेरी शेपटीची वॉलबी, कांगारूचीच छोटी जात, दिसली आणि त्या बाईला आनंदाने रडूच आलं. दुकानातली न परवडणारी वस्तू बघावी तशी मर्ल तिच्याकडे बघत राहिली.

पाहुण्यांना तळावर सोडून आम्ही घरी निघालो. रस्त्यात कांगारूची मादी मरून पडली होती. आमच्याकडे अशा वेळी गाडी थांबवायची, पिल्लू आहे का बघायला तिच्या पोटाची पिशवी चाचपायची आणि मग तिला रस्त्याबाहेर ओढायचं, नाहीतर तिला खायला उतरलेला गरुडही कुणाच्या तरी गाडीखाली जातो. हे काम क्लॅरीचं. सापडलेल्या पिल्लासाठी जुनी उशीची खोळ अजून सीटखाली होती. तो गेल्यापासून मर्ल अशी जनावरं टाळून पुढे जायची. आजही गेली.

"मर्ल, थांब."

"मेलंय ते."

"आई मेलीय. पिशवीत कुणी बघितलंय? क्लॅरी असता तर..."

"क्लॅरी नाहीये."

"तू आहेस ना! की तुलाही पुरून आलोय आम्ही?"

बोलले आणि जीभ चावली. मला तिचा राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती की ही आता जन्मभर अशीच राहणार.

तिने गाडी मागे घेतली. गुडघ्यांवर बसून पिशवीत हात घातला आणि बराच वेळ तशीच राहिली.

"आहे काहीतरी. तू बघ," ती म्हणाली. "जिवंत आहे का, मला कळत नाहीये."

मी हात घातला. आत ऊन ऊन केसाळ गोळा धडधडत होता.

"अगं, आहे जिवंत!"

"बरं."

आम्ही दोघींनी मादीला बाजूला ओढलं. मर्लने पिल्लू खोळीत घातलं, सदऱ्याची बटणं काढून खोळ पोटाशी धरली आणि शेजारच्या सीटवर बसली. गाडी मी घेतली. ती सगळी वाट समोर बघत होती.

घराच्या फाटकाशी ती एकदम ओरडली, "आई गं!"

"काय झालं?"

"लाथ मारली मेल्याने."

"लागलं?"

तिने पोटावर हात दाबला. जरा वेळ विचार केला.

"हो," ती म्हणाली. मग तिचा ओठ थरथरला. "नोलीन, दुखतंय गं."