तीन पानांचा जबाब

अभिलेख खोलीत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला दप्तरीच म्हणणार, दुसरं काय! त्यानं गठ्ठ्याला मारलेली गाठ साहेबालाही सुटत नसे. दहा वर्षांपूर्वीचे गठ्ठे नष्ट करायची वेळ आली की बाकीच्या कचेऱ्या महिनोन्‌महिने घोळ घालत, आणि हा पठ्ठ्या आठ दिवसांत खोली लख्ख करी. आत बघायचं नाही, पाठीवरचं वर्ष बघायचं, ही त्याची रीत. नष्ट करायच्या कागदांची यादी कारकून लिही, खाली हा न वाचता सही ठोकी. भर सभेत पाठ थोपटली गेली होती त्याची.

त्याचा थोरला भाऊ कालव्याच्या दारावर कामाला. एकदा ते लोखंडी दार त्याच्या अंगावर आलं. दीड दिवस जगला. इस्पितळात चौकशीच्या साहेबानं त्याचा जबाब घेतला. बायकोला मात्र बाहेर बाकावर बसवलं. तेव्हापासून वहिनीचं एकच, काय बोलले असतील? दप्तरी म्हणे, कागद कुठे पळून जातोय, बघू निवांत. निवांत बघता बघता तो निवृत्त झाला, आणि वहिनीचे डोळे अधू होत चालले.

मग मात्र त्यानं अर्ज केला, "भावाचे शेवटचे शब्द मिळावेत." उत्तर आलं, शब्द मिळत नाहीत, कागद मिळतो, कागदाचं नाव लिहा. जन्मभर कागदांत राहिलेला माणूस ओशाळला. दुसऱ्या अर्जात नीट लिहिलं, अपघात चौकशीतला जबाब.

महिन्यानं लखोटा आला. कालव्याची कचेरी मोडली तेव्हा तिचे गठ्ठे दप्तरीच्याच खोलीत आले होते. कागद नियमानुसार नष्ट. सोबत यादीची प्रत.

दोन दिवस तो लखोटा खिशात घेऊन हिंडला. तिसऱ्या दिवशी वहिनीपुढे ठेवला. तिनं कागद नाकाशी धरला, बोट फिरवत एक्केचाळिसाव्या ओळीवर थांबली. जबाब, पाने तीन. मग बोट खाली उतरलं.

"सही तुमचीच ना, भावोजी?"

"माझीच."

तिचं बोट परत त्या ओळीवर गेलं.

"तीन पानं," ती म्हणाली. "माझ्याशी अख्ख्या संसारात तीन पानं बोलले नसतील. त्या साहेबाशी एवढं काय बोलत होते हो?"

तिनं यादीची घडी घातली, फळीवरची सुतळी काढून त्याच्या हातात दिली.

"एवढा एक कागद तरी बांधून द्या. तुमची ती न सुटणारी गाठ मारून."

त्यानं सुतळी गुंडाळली, टोकं ओढली. गाठ काही केल्या बसेना.