एकाच वेळी दोन्ही खोल्यांत

तीन भावंडांत ती दुसरी, म्हणून पन्नाशी उलटली तरी घरात सगळे तिला मधलीच म्हणत. थोरली लग्न होऊन लांब गेली, धाकटा नोकरीपायी त्याहून लांब गेला, आणि मधली आईवडिलांपाशी राहिली. तिनं तसं ठरवलं होतं असं नाही. कुणीतरी मागे राहायला हवं होतं आणि ती जाग्यावर होती, एवढंच.

पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारींचा फोन घ्यायचं तिचं काम. सकाळी कानाला यंत्र लावलं की संध्याकाळी काढायचं. पाणी येत नाही, आलं तर गढूळ येतं, रस्त्यात पाइप फुटलाय, बिल जास्त आलंय. प्रत्येकाला वाटे की नळ मधलीनंच बंद केलाय. ती सगळं ऐकून घेई आणि म्हणे, "तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे." हे वाक्य तिच्या जिभेला इतकं बसलं होतं की एकदा भाजी करपली म्हणून आई कुरकुरली, तर तिच्या तोंडून तेच निघालं. आई दोन दिवस बोलली नव्हती.

त्या वर्षी बाबा न्हाणीघरात घसरले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, सळई बसली, पण बाबा काही पुन्हा पायावर उभे राहिले नाहीत. उभा जन्म मालट्रक चालवलेला माणूस, आज इथे तर उद्या तिथे. तो आतल्या खोलीत वरखाली होणाऱ्या लोखंडी पलंगावर येऊन पडला. पलंग आला तशी त्या खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. हवेची गादी फुगवणारा पंप सतत घुरघुरायचा. सकाळी एक मावशी येऊन त्यांना पुसून, कपडे बदलून जायची. बाकीचं सगळं मधलीकडे.

बाबा तसे सोशीक. पण दिवेलागणीला त्यांची चुळबुळ सुरू व्हायची. बाहेरच्या खोलीत आई टीव्ही लावायची. कोर्टकचेरीची एक मालिका होती, रोजची. खून, वकील, साक्षीदार, उलटतपासणी. बाबा निवृत्त झाल्यापासून दोघं ती सोफ्यावर शेजारी बसून बघत. आता भिंतीपलीकडून नुसता आवाज यायचा आणि बाबा हाका मारायचे, "मधले, काय झालं गं? कोण रडतंय? फिर्यादी की तिची सासू?"

मधली स्वयंपाकघरातून बाहेर जाऊन बघून यायची, आत जाऊन सांगायची. तिला माणसं ओळखू यायची नाहीत. "निळ्या साडीतली रडतेय," ती सांगायची. बाबा वैतागायचे. "निळ्या साडीतली म्हणजे कोण? नाव काय तिचं?" तोवर इकडे फोडणी जळायची.

तिनं फोनवर भावंडांना विचारलं. थोरली म्हणाली, "त्यांना वेगळं कनेक्शन घेऊन दे की. आपापलं बघतील." धाकटा म्हणाला, "माझा जुना टीव्ही पडलाय, पाठवतो. बाकी तू इंटरनेटवर वाच, सगळं लिहिलेलं असतं." सल्ला द्यायला काय जातं? तरी टीव्ही त्यानं खरंच पाठवला. मधलीनं पलंगाच्या पायथ्याशी भिंतीवर तो लावून घेतला आणि बाबांना म्हणाली, "आता तुमचं कनेक्शन वेगळं. हवं ते लावा. बातम्या बघा, कुस्त्या बघा."

बाबा छताकडे बघत म्हणाले, "मला नको वेगळं. ती बघते तेच हवं."

"मग तीच मालिका लावा ना."

"आणि ती मध्येच दुसरं काही लावते तेव्हा? मला कसं कळणार? एकच पाहिजे. तिथे दिसेल ते इथे."

मधलीला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. तिला आईचाही राग आला. आईचे गुडघे दुखत, काठी घेऊन चालावं लागे, हे कबूल. पण बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत यायला किती चालावं लागतं? बाबा आजारी पडल्यापासून आई उंबऱ्याच्या आत आलेली तिनं पाहिली नव्हती. दाराशी यायची, "पाणी हवंय का हो?" विचारायची आणि परत फिरायची. मधलीनं हे मनात कुठेतरी साठवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर ती विजेच्या सामानाच्या गल्लीत गेली. दुकान म्हणजे एक बोळच होता, दोन्ही बाजूंना वायरींच्या जुड्या लटकलेल्या. दुकानदार फोनवर काहीतरी बघत होता. मधलीनं सांगितलं, एक बॉक्स, दोन टीव्ही, दोन्हीकडे एकच चित्र. त्यानं मान वर न करता एक वायर काढून दिली. एका बाजूला एक टोक, दुसऱ्या बाजूला दोन. "हे लावा. झालं काम."

झालं कसलं? घरी लावल्यावर बाहेरचा टीव्ही सुरू केला की आतला काळा पडे आणि आतला लावला की बाहेरचा. दोन्ही एकदम लावले तर दोन्हींवर मुंग्या. आई म्हणाली, "होतं तेही गेलं."

मधली पुन्हा दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, "मग बिनतारी घ्या ना बाई. भिंतीला भोक नको, वायर नको. एक डबी बॉक्सला, एक आतल्या टीव्हीला. लोक हेच नेतात." भिंतीला भोक नको म्हटल्यावर तिनं पुढचं काही विचारलंच नाही. थकलेल्या माणसाला सोपं ते खरं वाटतं.

ती डबी मात्र चालली. दोन्हीकडे चित्र आलं. बाबांच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. मधलीनं पोळ्या लाटायला घेतल्या, आणि पहिली तव्यावर पडते न पडते तोच आतून हाक आली.

"मधले! ही आधीच का हसते?"

"कोण?"

"तुझी आई! ती हसते आणि मग माझ्याकडे विनोद होतो. ती 'अगं बाई' म्हणते, तेव्हा माझा वकील अजून पाणी पितोय. मला शिळं दाखवताय तुम्ही!"

मधली पलंगापाशी उभी राहून ऐकू लागली. खरंच होतं. बाहेरच्या टीव्हीचा आवाज पुढे आणि आतला त्याच्यामागून फरपटत येत होता. फरक श्वासभराचाच, पण बाबांना तो सोसवत नव्हता. "खुनी कोण ते मी तिला आधी सांगायचो," ते म्हणाले. "आता ती किंचाळते आणि मला कळतं. काय अर्थ आहे?" त्यांनी टीव्ही बंद करायला लावला आणि भिंतीकडे तोंड केलं.

मधली बाहेर आली ती रागानंच. तिनं आईच्या हातातून रिमोट घेतला आणि आवाज बंद केला.

"आई, तू आत जाऊन का नाही बसत? एक खुर्ची मावते तिथे. मी मावतेच ना? दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन यायचं आणि इथे तुमच्या दोघांसाठी वायरी शोधत फिरायचं. तुला त्यांची इतकी किळस येते का?"

आई पदराशी चाळा करत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "त्यांनीच सांगितलंय, आत येऊ नको म्हणून."

"कधी?"

"दवाखान्यातून आणलं त्या आठवड्यात. चादर ओली झाली होती. तू कामावर, मावशी येऊन गेलेली. मी बदलायला गेले. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, तू हे करायचं नाहीस. तू मला असं बघायचं नाहीस. रडले गं. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं." आईनं बंद आवाजातल्या टीव्हीकडे पाहिलं. "आमचा अर्धा संसार पोस्टकार्डावर झाला. हे गाडीवर, मी इथे. शेजारी बसलो ते म्हातारपणी, या सोफ्यावर. त्यांना दुसरं काय हवंय? मी इथून विचारावं, कोण हो हा? आणि त्यांनी तिथून सांगावं."

मधलीनं रिमोट आईच्या मांडीवर ठेवला. इतके दिवस जो राग जपला होता तो आता ठेवायचा कुठे, हे तिला कळेना.

तिसऱ्यांदा ती गल्लीत गेली ती मात्र दुसऱ्या दुकानात. तिथला म्हातारा कानानं कमी ऐकायचा, त्यामुळे तिला प्रत्येक गोष्ट मोठ्यानं आणि नीट विचारावी लागली. त्यानं काउंटरवर तीन डब्या मांडल्या. दिसायला सारख्याच.

"ही एकाचे दोन करते की दोनाचा एक?" तिनं पहिल्या डबीवर बोट ठेवलं.

"काय?"

"एक आवक, दोन जावक! तसं पाहिजे!"

"मग ही नाही. ही उलटी." त्यानं पहिली डबी बाजूला सारली. "हे दोन्ही स्प्लिटर. याला वीज लागत नाही, त्याला लागते."

"आतला टीव्ही लांब आहे. वायर दाराच्या चौकटीवरून फिरवून न्यावी लागेल."

"मग विजेचाच घ्या. नाहीतर पोचेपर्यंत दम संपतो त्याचा."

लांबच्या नळाला दाब पुरत नाही, हे मधलीला कुणी सांगायला नको होतं. "आणि मागेपुढे होणार नाही ना? दोन्हीकडे एकाच वेळी?"

"एकाच वेळी. पण एक सांगतो. दोन्ही टीव्ही सारखे आहेत का?"

"नाही. आतला जुना आहे."

"मग बाहेरचा नवा पण जुन्यासारखंच दाखवेल. चित्र जरा मऊ पडेल. जो कमी, त्याच्या चालीनं दोघांना चालावं लागतं. नवा घ्यायचा असेल तर..."

"नको," मधली म्हणाली. "चालेल."

वायर तिनंच रविवारी ओढली. स्टुलावर चढून चौकटीवर खिळे मारताना हातोडी दोनदा बोटावर बसली. आई खालून "सावकाश, सावकाश" म्हणत राहिली आणि बाबा आतून "आधी भोक मोजलंस का?" विचारत राहिले. भोक पाडायचंच नव्हतं. पण सांगत कोण बसणार?

संध्याकाळी मालिका लागली. आई डोळे बारीक करून म्हणाली, "चित्र पुसट झालंय गं."

"हो. आता ते तसंच राहणार."

"असू दे. त्या न्यायाधीशाचं नाकातलं दिसायचं, ते तरी बंद झालं." मग तिनं आवाज चढवला. "अहो! हा टोपीवाला कोण?"

आतून, जराही न थांबता, उत्तर आलं. "तिचा दीर! मागच्या महिन्यात पळाला होता तो! लक्ष कुठे असतं तुझं?"

"मग हाच असेल खुनी!"

"हॅ! इतक्या लवकर खुनी सापडला तर ते पुढे काय दाखवतील?"

मधलीनं कणीक झाकून ठेवली. कुणी हाक मारतंय का म्हणून ती ओट्यापाशी जरा थांबली. कुणी मारली नाही. दोघं भिंतीतून भांडत होते. मग ती आपल्या खोलीत गेली आणि दिवा न लावता आडवी झाली. डोळे मिटले तरी कानात फोनच वाजत राहिले, पाणी नाही, पाणी नाही. अंग दुखत होतं. उद्या पुन्हा तेच, मावशी नाही आली तर जास्तच. काही बदललं असं तिला वाटलं नाही. फक्त हा एक तास तिच्याकडे कुणी मागत नव्हतं.

पुढचे काही आठवडे तसेच गेले. ती तासभर पडून राही. कधी झोप लागे, कधी नाही.

एका संध्याकाळी बाबांचा आवाज आला, "अगं, जरा इकडे ये."

मधली सवयीनं उठून बसली. पायात चपला सरकवल्या. उशी सरकली होती की काय, पाणी हवं होतं की काय. मग तिला पॅसेजमधून काठीचा आवाज ऐकू आला. आईची काठी, टक् टक् करत, थांबत, दाराशी आली.

"काय हो?"

"इथून ओरडून ओरडून माझा घसा बसला."

आई उंबऱ्यापाशी काठी टेकून उभी राहिली.

"खुर्चीवर औषधं आहेत, ती खाली ठेव," बाबा म्हणाले. "आणि माझ्याकडे बघायचं नाही. तिकडे बघ. तो साक्षीदार खोटं बोलतोय."

खुर्ची फरशीवर सरकल्याचा आवाज झाला. बाहेरच्या खोलीत टीव्ही रिकाम्या सोफ्यासमोर चालूच होता. उठून तो बंद करावा असं मधलीच्या मनात आलं. पण तिनं चपला काढल्या आणि पुन्हा पडून राहिली.