दक्षिणेसाठी एक वन्स मोअर

मी दक्षिणेची आहे. जन्माने नागपूरची, नोकरीने नेदरलँड्समधल्या आर्नहेमची, पण हिप हॉपचा विषय निघाला की अमेरिकेच्या दक्षिणेची: ह्यूस्टन, मेम्फिस, अटलांटा. हे पहिल्यांदा ऐकणारा माणूस माझ्याकडे बघतो, मग माझ्या चष्म्याच्या दोरीकडे बघतो, मग पुन्हा माझ्याकडे. मी त्याला सावरायला वेळ देते. पन्नाशीच्या, वीज कंपनीत नोकरी करणाऱ्या बाईला हे संगीत आवडतं, हे एका घोटात गिळता येत नाही.

माझा दोष नाही. मी नागपूरला इंजिनिअरिंगला असताना मावसभाऊ ह्यूस्टनला होता. तो येताना सगळ्यांना चॉकलेटं आणायचा आणि मला कॅसेटी. त्या कुठल्या प्रांतातल्या आहेत हे मला तेव्हा ठाऊकही नव्हतं. मला वाटायचं, जगात सगळीकडे असंच वाजतं.

तसं ते वाजत नाही, हे मला नेदरलँड्समध्ये येऊन दोन मराठी पुरुषांनी समजावून सांगितलं. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात एक नाट्यगीत रंगात आलेलं असताना माझा फोन वाजला. रिंगटोन ह्यूस्टनचा होता. सगळा हॉल रागाने वळला. दोन माणसं मात्र कुतूहलाने वळली. मध्यंतरात ते दोघं माझ्यासमोर येऊन उभे राहिले. एक पुणेकर, आल्मेरेत राहणारा आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडास या कचेऱ्यांच्या भागातल्या एका बँकेत सॉफ्टवेअर सांभाळणारा. दुसरा मुंबईकर, अ‍ॅमस्टलवेनचा, कन्सल्टंट. पुणेकराने चहाचा कप बशीत ठेवला आणि विचारलं, "माफ करा, पण हे तुम्ही मुद्दाम ऐकता?"

तिथून आमची बैठक सुरू झाली. साधारण महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी, पुणेकराच्या आल्मेरेच्या घरी. घर मोठं, स्पीकर चांगले, आणि त्याच्या बायकोला तेवढ्या वेळात शांतपणे बाहेर जाता यायचं.

आता थोडा भूगोल. हिप हॉप जन्मलं न्यूयॉर्कला, ब्राँक्समध्ये. त्यामुळे न्यूयॉर्कवाल्यांना वाटतं की ते त्यांच्याच मालकीचं आहे आणि बाकीचे भाडेकरू. मग पश्चिम किनारा उठला, लॉस एंजेलिस आणि आसपासचा. समुद्र, सिनेमा, लांबलचक गाड्या. नव्वदच्या दशकात या दोघांचं असं जुंपलं की गाण्यातून शिव्या झाल्या आणि पुढे गाण्याबाहेरही वाईट गोष्टी घडल्या. दक्षिणेला कोणी विचारतच नव्हतं. दक्षिणेतली पोरं न्यूयॉर्कच्या मंचावर आली की खालून हुर्यो व्हायची: खेडवळ उच्चार, यांना शब्द कुठे येतात. आज रेडिओ लावा. अर्ध्याहून जास्त जे वाजतं त्याचा ठेका अटलांटाचा असतो.

या नकाशात आम्ही तिघं कसे बसलो, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. पुणेकर न्यूयॉर्कचा. शब्द महत्त्वाचे, अर्थ महत्त्वाचा, आणि जे काही खरं आहे ते आमच्याकडे आधी झालेलं आहे. मुंबईकर पश्चिमेचा, कारण समुद्र. आणि मी, उन्हातली, लांबची, जिच्याकडे अधिवेशनापुरतं यायचं आणि संत्री घेऊन परत जायचं.

हिप हॉपमध्ये एक शिस्त आहे: गाणाऱ्याने आपली वस्ती सांगायची आणि ती खरी असली पाहिजे. दुसऱ्याची गल्ली आपली म्हणून सांगणं याहून मोठं पाप नाही. म्हणून मी पहिल्याच बैठकीत दोघांची चौकशी केली. पुणेकर चिंचवडचा निघाला. मुंबईकर डोंबिवलीचा.

"चिंचवड पुण्यातच येतं," पुणेकर म्हणाला.

"कोणाच्या मते?" मुंबईकराने विचारलं.

"तू बोलूच नको. तुझ्या स्टेशनापासून समुद्र बघायला डबा घेऊन निघावं लागतं."

"आणि तुम्ही?" दोघं माझ्याकडे वळले.

"इतवारी," मी म्हटलं. "नागपूरच्या अगदी पोटात. या बैठकीत खऱ्या गावची मी एकटीच आहे, तं आता चहा करा."

बैठकीचा नियम पुणेकराने घातला होता. त्याच्या घरात लहानपणापासून नाट्यसंगीत, त्यामुळे नियमही रंगभूमीवरचा. ज्याच्या गाण्याला समोरच्या पक्षातल्या माणसाने तोंडाने, मोठ्याने "वन्स मोअर" दिला, पुढची पूर्ण दुपार त्याची. त्या दिवशी गाणी त्याची, क्रम त्याचा, भाषणंही त्याची. इतरांनी दुपार संपताना एखादं गाणं लावावं.

कागदावर नियम निर्मळ होता. व्यवहारात पुणेकर मुंबईकराला वन्स मोअर द्यायचा, मुंबईकर पुणेकराला, आणि दुपारी आलटून पालटून त्या दोघांत फिरत राहायच्या. माझं गाणं लागायचं ते शेवटच्या पाच मिनिटांत, जेव्हा मी एका पायात बूट घालून उट्रेख्टमार्गे घरी जायच्या गाडीची वेळ बघत असायचे. त्या अवस्थेत कोणाला वन्स मोअर मिळत नाही. एकदा माझं गाणं चालू असताना पुणेकर भांडी आवरायला उठला. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने कप परत जागेवर ठेवला.

आर्नहेमला माझ्या ऑफिसात मराठी बोलणारं कोणी नाही. मुलगा नोकरीला तिसऱ्याच देशात, फोनवर इंग्रजीतून प्रेमळ. त्या दुपारी मला हव्या होत्या. पण शेपटासारख्या नको होत्या. आपण जिथे जातो तिथे आपली पूर्ण दुपार असली पाहिजे, नाहीतर जाऊ नये, असं माझं मत आहे. तेव्हा एका बैठकीत बूट घालता घालता मी सांगून टाकलं.

"पुढची बैठक आर्नहेमला, माझ्या घरी. दुपार माझी. तुम्ही दोघं या. वन्स मोअर आला तं पुढेही माझी पाळी लागेल. नाही आला तं मी आल्मेरेला येणं बंद."

"आर्नहेम," मुंबईकर म्हणाला. ज्या सुरात माणसं चंद्राचं नाव घेतात त्या सुरात. "तिथे ट्रेन जाते?"

"मी काय उडून येते का रे?"

"अहो, लांब पडतं ते," पुणेकर म्हणाला.

"आल्मेरेहून आर्नहेम जितकं लांब, तितकंच आर्नहेमहून आल्मेरे. तुम्ही इंजिनिअर आहात ना?"

ते आले. रुळांचं काम चालू होतं म्हणून वाटेत काही अंतर बदली बसने आले, आणि दारात उभे राहिले ते एव्हरेस्टहून उतरल्यासारखे. मी त्यांना गोळाभात आणि कढी वाढली, कारण उपाशी परीक्षक कडक असतात. मग पडदे अर्धे ओढले आणि ह्यूस्टन लावलं.

ह्यूस्टनची खासियत अशी की ते लोक गाणं मुद्दाम संथ करतात. टेपचा वेग उतरवतात, आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा होतो, ठेका लोळत लोळत येतो.

"बॅटरी संपली का?" पुणेकराने विचारलं.

"मे महिन्यात दुपारी नागपुरात आला आहात कधी?"

"नाही."

"तिथे कावळाही असाच उडतो. ज्याच्या गावात ऊन आहे त्यालाच हे सुचतं. तुमच्या ब्राँक्समध्ये थंडीने सगळे भराभर बोलून घरात पळतात."

मुंबईकराची मान हलायला लागली होती. गाडीत हे फार छान लागेल, असं तो पुटपुटला. पश्चिमेवाल्यांना प्रत्येक गोष्ट गाडीत बसवून बघायची असते. पण वन्स मोअर काही म्हणाला नाही. मी अटलांटा लावलं. तेव्हा दारावरची घंटी वाजली.

खाली राहणारी माझी शेजारीण होती, सत्तरीची, या गावातच जन्मलेली. आज दुपारी आवाज होईल अशी चिठ्ठी मी तिच्या टपालपेटीत आदल्या दिवशीच टाकली होती. इकडे ती रीत आहे. ती तक्रारीला आली नव्हती. तिच्या शोकेसमधले पेले थरथरत होते आणि तिला ते का थरथरतात हे बघायचं होतं. मी तिला कॉफी दिली आणि भांडण समजावून सांगितलं: पूर्व, पश्चिम, आणि ज्यांना कोणी विचारत नाही ते.

"अगदी आमचं आणि नाइमेखनचं," ती म्हणाली.

नाइमेखन म्हणजे नदीपलीकडचं, आगगाडीने हाकेच्या अंतरावर असलेलं शहर. तिथल्या माणसांविषयी ती जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. मग तिने पाहुण्यांना विचारलं, "तुम्ही कुठले?"

"आल्मेरे," पुणेकर म्हणाला.

"ते तर परवा समुद्रातून काढलंय," ती म्हणाली आणि आणखी साखर मागितली.

आल्मेरे खरोखरच समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर अलीकडे वसवलेलं शहर. पुणेकराने जन्मभर इतरांना जे सांगितलं ते त्याला कोणी तरी डच भाषेत सांगितलं होतं. मी ती संधी सोडणार नव्हते. मी मेम्फिस लावलं.

हे गाणं मी राखून ठेवलं होतं. मेम्फिसचा एक गडी, जुन्या घरगुती कॅसेटवरचा, आवाज खरखरीत, ठेका अंधारा. सुरुवातीला तो जवळजवळ कुजबुजतो. मग दुसऱ्या कडव्यात वेग दुप्पट होतो आणि अक्षरं ताशाच्या काड्यांसारखी पडायला लागतात, एकही न चुकता, यमकाच्या आत यमक. पुणेकर मागे रेलून बसला होता; तो पुढे सरकला. त्याचे ओठ हलायला लागले. गाणं संपलं.

शेजारीणबाईंनी कप खाली ठेवला.

"त्याने श्वास कुठे घेतला?" पुणेकराने विचारलं.

"कुठे म्हणजे?"

"दुसऱ्या कडव्यात. सुरुवातीला घेतला, ते ऐकलं मी. मग थेट शेवट. मध्ये कुठे घेतला?"

"मला काय माहीत," मी म्हटलं. "खेडवळ लोक. शब्दच येत नाहीत त्यांना."

"परत लावता का जरा?"

"नियम आहे ना बाप्पा."

त्याने मुंबईकराकडे बघितलं. मुंबईकर छताकडे बघत होता. दोस्ताला एकट्याला बुडताना बघण्यात त्याला फार सुख होत होतं. मला घाई नव्हती. मी खुर्चीवरची गादी सारखी केली. खिडकीतल्या झेंडूला पाणी हवं आहे का ते बघितलं.

"वन्स मोअर," पुणेकर म्हणाला.

"मागच्या रांगेत ऐकू आलं नाही."

"वन्स मोअर," तो म्हणाला, आता पोटातून, ज्या आवाजात त्याच्या घरातल्या मोठ्यांनी मोठमोठ्या गायकांना दिला असेल. शेजारीणबाईंनी टाळी वाजवली. मुंबईकरही मग उठून "वन्स मोअर" म्हणाला, उशीर झालेला असूनही, गर्दी कुठे आहे ते बघून.

मी लावलं. पुणेकर डोळे मिटून, एक बोट वर धरून बसला. कडव्याच्या मधोमध त्याचं बोट खाली आलं. "इथे. चोरटा घेतलाय. काय माणूस आहे," तो म्हणाला, आणि तिसऱ्यांदा लावायला लावलं.

पुढची दुपार माझी होती, त्यानंतरचीही. हल्ली दोघं आर्नहेमच्या गाडीत एकत्रच बसतात आणि पोचेपर्यंत भांडतात. पुणेकराचं अजून म्हणणं आहे की मेम्फिसच्या त्या माणसाची आजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलीनहून गेलेली असणार; एवढे शब्द दुसरीकडून येऊच शकत नाहीत. मी नाही म्हणत नाही. दक्षिणेकडे घरी आलेल्या पाहुण्याचं मन मोडत नाहीत. आधी जेवू घालतात, मग आवाज वाढवतात.